श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी महिला विद्यापीठाचा इतिहास

श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी महिला विद्यापीठ (संक्षेपाने एसएनडीटी महिला विद्यापीठ) हे मुंबई येथे मुख्यालय असलेले महाराष्ट्र राज्याचे सार्वजनिक विद्यापीठ असून भारतातील पहिले महिला विद्यापीठ म्हणून ते ओळखले जाते. धोंडो केशव कर्वे यांनी १९१६ साली पुणे येथे त्याची स्थापना केली. मात्र विद्यापीठाची मुळे त्याआधी वीस वर्षे, म्हणजे १८९६ साली कर्वे यांनी विधवांसाठी काढलेल्या अनाथ बालिकाश्रमात आणि १९०७ साली सुरू केलेल्या महिला विद्यालय या छोट्या खाजगी शाळेत आहेत. स्थापनेपासून सुमारे साडेतीन दशके या विद्यापीठाला कायद्याचा कोणताही आधार नव्हता. ते वर्गणी, देणग्या आणि स्वयंसेवी कार्यकर्त्यांच्या बळावर चालले. १९४९ साली मुंबई प्रांताच्या विधिमंडळाने त्यासाठी स्वतंत्र कायदा केला व १९५१ साली त्याला वैधानिक विद्यापीठाचा दर्जा मिळाला.

पार्श्वभूमी

मुंबई विद्यापीठाची स्थापना १८५७ साली झाली. त्याच्या परीक्षांचे दरवाजे स्त्रियांसाठी १८८३ साली उघडले. पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या विद्यार्थिनी कॉर्नेलिया सोराबजी या मुंबई विद्यापीठाच्या पहिल्या स्त्री पदवीधर होत. पुण्यात जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनी १८४८ साली भिडे वाड्यात मुलींची शाळा काढली होती आणि १८८४ साली हुजूरपागेतील मुलींचे हायस्कूल सुरू झाले होते. तरीही एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मुलींचे शिक्षण बहुधा चार-सहा इयत्तांत आटोपत असे. लग्न लवकर होई आणि लग्नानंतर शाळा सुटे. ब्राह्मण व तत्सम जातींत पुनर्विवाहाला बंदी असल्याने बालविधवांची स्थिती सर्वांत बिकट होती. केशवपन, अलवण आणि सासर-माहेरच्या घरातील राबणूक यांपलीकडे त्यांना दुसरा मार्ग नव्हता.

पंडिता रमाबाई यांनी १८८९ साली मुंबईत शारदा सदन काढले आणि पुढच्या वर्षी ते पुण्याला हलविले. उच्चवर्णीय विधवांना निवास व शिक्षण देणारी महाराष्ट्रातील ही महत्त्वाची संस्था होती. काही विद्यार्थिनी ख्रिस्ती धर्माकडे वळत असल्याच्या वादातून तिच्या हिंदू हितचिंतकांनी अंग काढून घेतले. याच शारदा सदनाच्या आरंभीच्या विद्यार्थिनींपैकी एक म्हणजे गोदूबाई जोशी. त्या बालविधवा होत्या.

धोंडो केशव कर्वे यांचा जन्म १८ एप्रिल १८५८ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील शेरवली येथे झाला. त्यांचे बालपण दापोलीजवळच्या मुरूड गावी गेले. मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजातून १८८४ साली ते गणित विषय घेऊन पदवीधर झाले आणि १८९१ पासून पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात गणिताचे प्राध्यापक झाले. त्यांच्या पहिल्या पत्नी राधाबाई यांचे १८९१ साली निधन झाले. ११ मार्च १८९३ रोजी त्यांनी गोदूबाईंशी पुनर्विवाह केला. विवाहानंतर गोदूबाईंचे नाव आनंदीबाई झाले. घरात व परिचितांत त्यांना बाया म्हणत. मुरूडच्या ग्रामस्थांनी या विवाहाबद्दल कर्वे कुटुंबावर बहिष्कार घातला.

त्याच वर्षाअखेर कर्वे यांनी पुनर्विवाहाच्या प्रसारासाठी मंडळी स्थापन केली. पण वर्षाकाठी होणाऱ्या अशा विवाहांची संख्या हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी होती. बहुसंख्य विधवांना लग्न हा उपाय उपलब्धच नव्हता. त्यांना स्वतःच्या पायावर उभे करायचे तर शिक्षण हाच मार्ग होता, या निष्कर्षाला कर्वे आले.

अनाथ बालिकाश्रम

१४ जून १८९६ रोजी पुण्यात अनाथ बालिकाश्रमाची स्थापना झाली. संस्कृतचे थोर पंडित रामकृष्ण गोपाळ भांडारकर हे संस्थेचे अध्यक्ष होते. ‘अनाथ बालिका’ हा शब्द येथे प्रामुख्याने बालविधवांसाठी योजलेला होता. समाजाला ‘विधवाश्रम’ या नावापेक्षा हे नाव कमी बोचरे वाटावे, हा हेतू त्यामागे असणे शक्य आहे.

आश्रम सुरू करताना कर्वे यांनी एक धोरण कटाक्षाने पाळले. आश्रमाचा पुनर्विवाहाच्या चळवळीशी संबंध ठेवायचा नाही. स्वतः विधवेशी विवाह केलेला गृहस्थ चालवत असलेल्या संस्थेत आपल्या विधवा मुली पाठवायला पालक मुळातच बिचकत होते. त्यात पुनर्विवाहाचा प्रचार मिसळला असता, तर आश्रम ओस पडला असता. त्यामुळे आश्रमातील दिनक्रम, सोवळे-ओवळे आणि सण-व्रते सनातनी घराप्रमाणेच राहिली. या धोरणाची किंमत आनंदीबाईंना मोजावी लागली. ज्या प्रश्नातून संस्था जन्मली, त्याचे उत्तर त्यांनी स्वतःच्या आयुष्याने दिले होते. तरी पुनर्विवाहित म्हणून त्यांना आश्रमाच्या कामात उघडपणे वाटा घेता आला नाही. त्यांच्या ‘माझे पुराण’ या आत्मचरित्रात संसाराच्या ओढाताणीबरोबर या उपेक्षेचीही नोंद आहे.

पुण्यात प्लेगची साथ आल्यामुळे १९०० साली आश्रम शहराबाहेर हिंगणे बुद्रुक या गावी हलविण्यात आला. रावबहादूर गणेश गोविंद गोखले यांनी तेथील सहा एकर जमीन व ७५० रुपये दिले होते. त्या माळावर पहिली इमारत म्हणून एक झोपडी उभी राहिली. कर्वे दिवसा फर्ग्युसन कॉलेजात शिकवीत आणि काम आटोपल्यावर पायी हिंगण्याला जात. रस्ता धड नव्हता, पावसाळ्यात चिखल होई. ही झोपडी संस्थेच्या आवारात स्मारक म्हणून जपण्यात आली आहे. हिंगण्याचा तो भाग आता पुणे शहरात आला असून कर्वेनगर या नावाने ओळखला जातो.

आश्रमाच्या उभारणीत आनंदीबाईंच्या भगिनी पार्वतीबाई आठवले यांचा वाटा मोठा आहे. त्या स्वतः विधवा होत्या. आश्रमात येऊन शिकल्या आणि पुढे तेथेच व्यवस्थापिका झाल्या. निधी गोळा करण्यासाठी त्या गावोगाव हिंडत व व्याख्याने देत. केशवपन केलेली विधवा सभेत उभी राहून बोलते, हेच दृश्य अनेक गावांत नवे होते. १९१८ साली इंग्रजी शिकणे व संस्थेसाठी निधी मिळवणे या हेतूंनी त्या अमेरिकेला गेल्या आणि तेथे घरकाम करून त्यांनी निर्वाह केला. त्यांच्या ‘माझी कहाणी’ या आत्मचरित्राचा इंग्रजी अनुवादही प्रसिद्ध झाला आहे.

आश्रमातील विद्यार्थिनी प्रामुख्याने ब्राह्मण कुटुंबांतील होत्या. ज्या जातींत पुनर्विवाह रूढ होता त्यांच्यासाठी हा प्रश्न त्याच स्वरूपात नव्हता, असे याचे समर्थन केले जाई. तथापि शिक्षणाची गरज सर्वच जातींतील स्त्रियांना होती. आश्रमाचा आणि आरंभीच्या विद्यापीठाचा सामाजिक पाया अरुंद होता, ही गोष्ट या इतिहासात नजरेआड करता येत नाही. फुले दांपत्याच्या शाळांशी तुलना केली असता हा फरक ठळकपणे जाणवतो.

महिला विद्यालय

विधवांच्या शिक्षणाचे काम चालू असताना कर्वे यांच्या लक्षात आले की, मुलींची लग्ने पुढे ढकलल्याखेरीज बालवैधव्याचा प्रश्न मुळातून सुटणार नाही. मुलगी शाळेत असेल तर लग्न लांबविण्याला पालकांना सबब मिळते. या विचारातून ४ मार्च १९०७ रोजी पुण्यात महिला विद्यालय सुरू झाले. विद्यार्थिनी मोजक्याच होत्या. आश्रमाच्या पैशाचा वापर अविवाहित मुलींसाठी होऊ नये म्हणून विद्यालयाचे हिशेब व निधी वेगळे ठेवण्यात आले. विधवा व कुमारिका यांनी एकत्र राहण्यालाही त्या काळी पालकांचा विरोध होता, म्हणून विद्यालय आरंभी हिंगण्याला न नेता शहरात ठेवले होते. १९११ साली ते हिंगण्याला आले, तेव्हा ही भिंत काही अंशी ढासळली होती.

दोन संस्थांना पुरेसे आजीव कार्यकर्ते मिळावेत म्हणून १९०८ साली निष्काम कर्म मठ स्थापन झाला. निर्वाहापुरते वेतन घेऊन आयुष्य संस्थेला वाहून घ्यायचे, ही डेक्कन एज्युकेशन सोसायटीची पद्धत कर्वे यांनी फर्ग्युसन कॉलेजात अनुभवली होती. मठात तिला व्रताचे रूप देण्यात आले आणि स्त्रियांनाही स्थान मिळाले. पुढे विद्यापीठाला सुरुवातीचे प्राध्यापक व कार्यकर्ते याच वर्तुळातून मिळाले. विद्यापीठ उभे राहण्याआधी माणसे उभी राहिलेली होती. पैशापेक्षाही ही शिदोरी अधिक उपयोगी पडली, असे म्हणता येईल.

विद्यापीठाची कल्पना

१९१४ साली कर्वे फर्ग्युसन कॉलेजातून निवृत्त झाले. १९१५ च्या डिसेंबरात मुंबई येथे भरणाऱ्या राष्ट्रीय सामाजिक परिषदेच्या अध्यक्षपदासाठी त्यांची निवड झाली. अध्यक्षीय भाषणाची जुळवाजुळव चालू असताना टोकियोच्या जपान महिला विद्यापीठाची माहिती देणारी पुस्तिका त्यांच्या वाचनात आली होती. जिन्झो नारुसे यांनी १९०१ साली स्थापन केलेल्या या संस्थेत स्वभाषेतून आणि स्त्रीजीवनाला अनुरूप अशा अभ्यासक्रमातून उच्च शिक्षण दिले जात होते. जपानने रशियाचा पराभव करून दहा वर्षे झाली होती आणि आशियातील एक देश स्वतःच्या भाषेत आधुनिक होऊ शकतो, ही गोष्ट हिंदुस्थानातील सुशिक्षितांच्या मनात ताजी होती.

परिषदेतील भाषणात कर्वे यांनी स्वतंत्र महिला विद्यापीठाचा विचार मांडला. त्यांच्या मांडणीचे सार असे होते: मुंबई विद्यापीठाच्या परीक्षा मुलांबरोबर देणाऱ्या मुलींना वाट मोकळी असावीच, परंतु अशा मुली फार थोड्या राहणार. बहुसंख्य मुलींना परक्या भाषेतून गणित व इतर विषय घोकून पदवी घेण्यात वर्षे घालवणे परवडत नाही. त्यांच्यासाठी मातृभाषेतून शिकवणारे, इंग्रजी एक विषय म्हणून ठेवणारे आणि गृहव्यवस्था, आरोग्य, बालसंगोपन यांसारख्या विषयांना पदवीच्या पायरीवर स्थान देणारे वेगळे विद्यापीठ हवे.

या कल्पनेवर दोन्ही बाजूंनी टीका झाली. वेगळा अभ्यासक्रम म्हणजे दुय्यम अभ्यासक्रम, स्त्रीने चूल आणि पाळणा सांभाळावा हाच जुना विचार नव्या वेष्टनात देण्याचा प्रकार, असे काही सुधारकांना वाटले. उलट सनातन्यांना मुलींनी पदवी घ्यावी हीच गोष्ट मान्य नव्हती. महात्मा गांधी यांनी मातृभाषेच्या माध्यमाचे स्वागत केले, पण इंग्रजी सक्तीचे असण्याला त्यांचा आक्षेप होता. दुसरीकडे, इंग्रजी केवळ एक विषय म्हणून शिकलेल्या पदवीधरांना बाहेर कोण विचारणार, अशी शंका अनेकांनी काढली. पहिल्या आक्षेपाचे पूर्ण उत्तर विद्यापीठाला कधीच देता आले नाही. गृहविज्ञान हा पदवीचा विषय व्हावा की नाही, ही चर्चा नंतरच्या काळातही चालू राहिली.

स्थापना

१९१६ हे वर्ष भारतीय उच्च शिक्षणाच्या इतिहासात लक्षणीय आहे. बनारस हिंदू विद्यापीठाची उभारणी त्या वर्षी सुरू झाली आणि म्हैसूर संस्थानाने आपले विद्यापीठ स्थापले. बनारसच्या पाठीशी १९१५ चा कायदा होता आणि म्हैसूरच्या पाठीशी संस्थानचा खजिना. पुण्यात स्थापन झालेल्या तिसऱ्या विद्यापीठापाशी या दोहोंपैकी काही नव्हते. सरकारी सनद मिळेपर्यंत थांबायचे नाही, असे कर्वे यांनी ठरविले. वार्षिक वर्गणी भरणारे पदवीधर व इतर नागरिक हेच मतदार मानण्यात आले आणि त्यांनी अधिसभेचे सभासद निवडले.

अधिसभेची पहिली बैठक ३ व ४ जून १९१६ रोजी फर्ग्युसन कॉलेजात भरली. विद्यापीठाचे नाव भारतवर्षीय महिला विद्यापीठ असे ठेवण्यात आले. रामकृष्ण गोपाळ भांडारकर कुलपती आणि रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे कुलगुरू झाले. केंब्रिजची सीनियर रँग्लर ही गणितातील सर्वोच्च श्रेणी मिळवणारे परांजपे हे कर्वे यांचे आप्त होते व विद्यार्थिदशेत त्यांच्याच आधाराने शिकले होते. भांडारकर मुंबई विद्यापीठाचे कुलगुरू राहिलेले होते. त्यामुळे मान्यता नसलेल्या या विद्यापीठाच्या शिखरावर मान्यताप्राप्त विद्यापीठातील दोन सर्वांत प्रतिष्ठित नावे आली.

५ जुलै १९१६ रोजी हिंगण्याला महिला पाठशाळा हे विद्यापीठाचे पहिले महाविद्यालय सुरू झाले. पहिल्या वर्गात पाच विद्यार्थिनी होत्या. हिंगण्याचे महिला विद्यालय हे प्रवेश परीक्षेपर्यंतचे शिक्षण देणारी शाळा म्हणून विद्यापीठाशी जोडले गेले. १९१७ साली प्राथमिक शिक्षिका घडविणारी अध्यापिका शाळा निघाली. शिक्षिकांची शाळा आधी आणि इतर विद्याशाखा नंतर हा क्रम व्यवहाराला धरून होता. पदवीला सरकारदरबारी किंमत नसली तरी मुलींच्या खाजगी शाळांना शिक्षिका हव्याच होत्या.

पदव्यांची नावेही विद्यापीठाने स्वतःची घडविली. बी.ए.च्या तोडीची पदवी ‘गृहीतागमा’ (जी.ए.) आणि एम.ए.च्या तोडीची ‘प्रदेयागमा’ (पी.ए.) होती. जिने शास्त्र ग्रहण केले ती आणि जी ते इतरांना देऊ शकते ती, असा त्यांचा अर्थ. या नावांची चेष्टाही झाली. तरी त्यांत एक व्यावहारिक शहाणपण होते. इतर विद्यापीठांच्या पदव्यांची नावे वापरली नाहीत, म्हणून नक्कल केल्याचा आरोप येण्याचे कारण उरले नाही. ‘संस्कृता स्त्री पराशक्तिः’ हे विद्यापीठाचे बोधवाक्य आहे.

ठाकरसी देणगी

पहिली चार वर्षे विद्यापीठ वर्गण्या, लहान देणग्या आणि कार्यकर्त्यांच्या फिरतीवर चालले. १९२० साली मुंबईचे गिरणीमालक सर विठ्ठलदास दामोदर ठाकरसी यांनी पंधरा लाख रुपयांची देणगी जाहीर केली. जपानच्या प्रवासात त्यांनीही तेथील महिला विद्यापीठ पाहिले होते. त्यांच्या मातोश्री नाथीबाई यांचे नाव विद्यापीठाला देण्यात आले आणि ‘श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी भारतवर्षीय महिला विद्यापीठ’ असे नामकरण झाले. एका शिक्षणसंस्थेला त्या काळी मिळालेली ही फार मोठी रक्कम होती. ही देणगी प्रत्यक्षात मुद्दलाच्या व्याजाच्या रूपाने विद्यापीठाला मिळत असे. साडेतीन टक्के दराने हे व्याज वर्षाला ५२,५०० रुपये होई.

देणगीमुळे विद्यापीठाचे स्वरूप हळूहळू बदलले. पुण्यातील ब्राह्मणी सुधारकांच्या वर्तुळात जन्मलेल्या संस्थेत मुंबईतील गुजराती व्यापारी समाजाचा सहभाग वाढला. मराठीबरोबर गुजराती हे शिक्षणाचे माध्यम झाले. अहमदाबादची लालशंकर उमियाशंकर महिला पाठशाळा विद्यापीठाशी संलग्न झाली आणि १९३१ साली मुंबईत महाविद्यालय निघाले. पुण्यातील महाविद्यालयाने हिंगण्याहून शहराजवळ एरंडवण्याला स्वतःची वास्तू केली. तेथून जाणारा रस्ता आता कर्वे रस्ता म्हणून प्रसिद्ध आहे. हिंगण्याच्या मूळ संस्था विद्यापीठात विलीन झाल्या नाहीत. त्या स्वतंत्रपणे वाढत गेल्या आणि आजच्या महर्षी कर्वे स्त्री शिक्षण संस्थेत त्यांचे रूपांतर झाले. शाळेतून विद्यापीठ निघाले, पण शाळाही मागे उरली, ही या इतिहासातील वैशिष्ट्यपूर्ण बाब आहे.

विठ्ठलदास यांच्या पत्नी प्रेमलीला ठाकरसी यांनी पुढे विद्यापीठाच्या कारभारात स्वतः लक्ष घातले. १९३६ साली विद्यापीठाचे मुख्यालय पुण्याहून मुंबईला हलविण्यात आले. पुणेकर कार्यकर्त्यांना ही गोष्ट रुचणे अवघड होते. परंतु ज्या शहरात पैसा, विद्यार्थिनी आणि बहुभाषिक वस्ती होती, तेथे जाण्याने संस्थेचे क्षेत्र विस्तारले, हेही खरे.

मान्यतेविना पस्तीस वर्षे

सनद नसल्याचे परिणाम दुहेरी होते. शासनाची परवानगी न लागल्यामुळे विद्यापीठाला माध्यम, विषय, परीक्षापद्धती यांत हवे ते प्रयोग करता आले. इतर विद्यापीठांत देशी भाषा जेमतेम एक विषय म्हणून शिरत असताना येथे इतिहास, मानसशास्त्र, समाजशास्त्र हे विषय पदवीच्या वर्गात मराठी व गुजरातीतून शिकविले जात होते. महाविद्यालयात येऊ न शकणाऱ्या विवाहित व प्रौढ स्त्रियांना घरी अभ्यास करून परीक्षेला बसण्याची सोयही विद्यापीठाने ठेवली.

या स्वातंत्र्याचा भार मात्र विद्यार्थिनींवर पडला. गृहीतागमा झालेल्या मुलीला सरकारी नोकरीत पदवीधर मानले जात नसे आणि अन्य विद्यापीठात पुढील शिक्षणासाठी प्रवेश मिळत नसे. ज्या पालकांना मुलीने नोकरी करावी असे वाटे, ते तिला मुंबई विद्यापीठाच्या महाविद्यालयातच घालत. पुण्यात मुलींसाठी फर्ग्युसनची वाट मोकळी होती आणि मुंबईत विल्सन व एल्फिन्स्टनची. परिणामी विद्यार्थिनींची संख्या बराच काळ मर्यादितच राहिली. महिला विद्यापीठ हे स्त्रियांच्या उच्च शिक्षणाचा मुख्य प्रवाह बनेल, ही १९१५ सालची अपेक्षा फलद्रूप झाली नाही. जी मुलगी एरवी कोणत्याच महाविद्यालयात गेली नसती, तिच्यासाठी मात्र ते एकमेव दार ठरले.

निधीसाठी कर्वे यांनी वयाच्या सत्तरीनंतर दोन मोठे परदेश प्रवास केले. १९२९-३० मध्ये ते युरोप, अमेरिका व जपान येथे गेले. शिक्षणविषयक परिषदांत त्यांनी भारतातील या प्रयोगाची माहिती दिली आणि टोकियो येथे ज्या विद्यापीठापासून त्यांनी प्रेरणा घेतली होती त्याला भेट दिली. त्यानंतर ते आफ्रिकेला गेले आणि केनिया, युगांडा, टांगानिका, झांझिबार व दक्षिण आफ्रिका या प्रदेशांतील हिंदी वस्तीकडून त्यांनी देणग्या मिळविल्या. या काळात त्यांच्या स्नुषा, पुढे मानववंशशास्त्रज्ञ म्हणून ख्यातनाम झालेल्या इरावती कर्वे, विद्यापीठाच्या कुलसचिव होत्या. १९३१ ते १९३६ पर्यंत त्यांनी हे पद सांभाळले.

वैधानिक दर्जा

स्वातंत्र्यानंतर बाळासाहेब खेर यांच्या मंत्रिमंडळाच्या काळात, १९४९ साली, मुंबई विधिमंडळाने श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी महिला विद्यापीठाचा कायदा संमत केला. १९५१ साली विद्यापीठ वैधानिक झाले. नावातील ‘भारतवर्षीय’ हा शब्द गळाला. कायद्याखालील विद्यापीठाच्या पहिल्या कुलगुरू प्रेमलीला ठाकरसी होत्या. पुण्यातील त्यांच्या पर्णकुटी या निवासस्थानी महात्मा गांधींनी १९३३ साली उपोषण केले होते.

कायद्याने पदवीला मान्यता दिली आणि त्याबरोबर शासकीय अनुदान, तपासणी व एकरूपता हेही आले. गृहीतागमा व प्रदेयागमा या पदव्या मागे पडून बी.ए. व एम.ए. ही सर्वत्र चालणारी नावे रूढ झाली. आपले अधिकारक्षेत्र एका जिल्ह्यापुरते वा विभागापुरते मर्यादित नसण्याचे वेगळेपण मात्र विद्यापीठाने राखले. १९६० साली गुजरात राज्य वेगळे झाल्यावरही तेथील काही महाविद्यालये या विद्यापीठाशी संलग्न राहिली.

कर्वे यांना १९५५ साली पद्मविभूषण आणि १९५८ साली, शंभराव्या वर्षी, भारतरत्न हा सन्मान मिळाला. मुंबई विद्यापीठाने त्यांना १९५७ साली एलएल.डी. ही सन्माननीय पदवी दिली. ज्या विद्यापीठाची चौकट स्त्रियांना पुरेशी नाही असे म्हणून त्यांनी वेगळी वाट धरली होती, त्याच विद्यापीठाची ही पदवी होय. ९ नोव्हेंबर १९६२ रोजी पुणे येथे त्यांचे निधन झाले.

विस्तार

वैधानिक दर्जानंतर विद्यापीठाची वाढ वेगाने झाली. चर्चगेट येथील मुख्य आवाराला जुहू व पुणे येथील आवारांची जोड मिळाली. ग्रंथालयशास्त्र, परिचर्या, गृहविज्ञान, शिक्षणशास्त्र, औषधनिर्माणशास्त्र व तंत्रनिकेतन अशा शाखा निघाल्या. जुहूच्या आवारात १९९७ साली उषा मित्तल तंत्रज्ञान संस्था सुरू होऊन अभियांत्रिकीचे शिक्षणही तेथे मिळू लागले. ज्या संस्थेवर स्त्रियांना गृहकृत्यांत अडकविल्याचा आरोप झाला होता, तिनेच मुलींसाठी अभियांत्रिकीची वेगळी संस्था काढली. आपली मुलगी मुलींच्याच महाविद्यालयात शिकावी, असे वाटणाऱ्या पालकांसाठी याचे महत्त्व आजही आहे. घरी अभ्यास करून परीक्षा देण्याच्या जुन्या सोयीला पुढे दूरशिक्षणाचे नियमित रूप आले.

विद्यापीठाचे वैचारिकदृष्ट्या सर्वांत महत्त्वाचे पाऊल १९७४ साली पडले. समाजशास्त्राच्या प्राध्यापिका नीरा देसाई यांच्या पुढाकाराने स्त्री-अभ्यास संशोधन केंद्र स्थापन झाले. भारतीय विद्यापीठांतील अशा प्रकारचे हे पहिले केंद्र होय. त्याच वर्षी स्त्रियांच्या दर्जाविषयीच्या राष्ट्रीय समितीचा ‘समतेकडे’ या आशयाच्या शीर्षकाचा अहवाल पूर्ण झाला होता. स्वातंत्र्यानंतरही स्त्रियांचे आरोग्य, रोजगार व राजकीय सहभाग यांत अपेक्षित सुधारणा झाली नसल्याचे त्याने दाखवून दिले. एप्रिल १९८१ मध्ये स्त्री-अभ्यासाची पहिली राष्ट्रीय परिषद याच विद्यापीठात भरली आणि तिच्यातून भारतीय स्त्री-अभ्यास संघटना आकाराला आली.

या केंद्रामुळे १९१६ सालच्या प्रश्नालाच वेगळे वळण लागले. कर्वे यांच्या काळात स्त्रियांना कोणते विषय शिकवावेत हा वादाचा मुद्दा होता. आता प्रत्येक विषयात स्त्रिया कोठे आहेत आणि त्या का दिसत नाहीत, हे विचारले जाऊ लागले. गृहविज्ञानात बिनमोल मानले गेलेले घरकाम अर्थशास्त्राच्या वर्गात श्रम म्हणून मोजले जाऊ लागले.

१९७४ साली विद्यापीठासाठी नवा स्वतंत्र कायदा झाला. पुढे १९९४ च्या महाराष्ट्र विद्यापीठ कायद्यात राज्यातील इतर विद्यापीठांबरोबर त्याचा समावेश झाला आणि २०१६ च्या महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठे कायद्याने सध्या त्याचा कारभार चालतो. राज्यपाल हे विद्यापीठाचे पदसिद्ध कुलपती असतात. हा कायदा संमत झाला त्याच वर्षी विद्यापीठाच्या स्थापनेला शंभर वर्षे पूर्ण झाली.